सनस्क्रीनची ट्यूब, गाजर गवत आणि नगरचं ऊन

संशोधन आराखडा लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यांची एक ठरलेली अडचण असते. विषय सुचतो तो भला मोठा सुचतो. 'महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्याचा इतिहास', 'वसाहतकाळ आणि शरीर', असं काहीतरी. पेट निघालेली असते, मार्गदर्शक मिळालेले असतात, आणि पहिल्याच बैठकीत सर किंवा मॅडम विचारतात, "हे सगळं ठीक आहे, पण तुमचा प्रश्न काय?" तिथे गाडी अडते.

म्हणून आज उलट्या बाजूने जाऊ. मेडिकल दुकानाच्या काउंटरवर रोज विचारला जाणारा एक साधा प्रश्न घेऊ: "माझी त्वचा सेन्सिटिव्ह आहे, कुठलं मिनरल सनस्क्रीन घेऊ?" प्रश्न किरकोळ वाटतो. पण तो अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे कालपर्यंतच्या अहमदनगरात, नीट मांडला तर त्यातून छावणीचा इतिहास निघतो, एका तणाचा निघतो, आणि दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये कोणाचं नाव येतं आणि कोणाचं येत नाही हा खरा अवघड प्रश्नही निघतो. काउंटरवरच्या प्रश्नाचं सरळ उत्तर लेखाच्या शेवटाकडे देतो. तिथपर्यंतची वाट मात्र नीट चाला, कारण आराखड्यासाठी तीच उपयोगाची आहे.

ट्यूब हाही दस्तऐवजच

इतिहासात कुठलाही कागद हातात आला की आपण विचारतो: कोणी लिहिला, कधी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यात कोण नाही? हेच प्रश्न सनस्क्रीनच्या ट्यूबला विचारून बघा. तिच्यावर साधारण चार शब्द असतात: झिंक ऑक्साइड, एसपीएफ, पीए आणि 'सेन्सिटिव्ह स्किन'. चारही शब्दांचं वय वेगळं आहे.

झिंक म्हणजे आपलं जस्त, आयुर्वेदातलं यशद. राजस्थानात उदयपूरजवळच्या झावर इथे मध्ययुगात जस्ताचं ऊर्ध्वपातन मोठ्या प्रमाणावर होत होतं. भट्ट्यांचे आणि मातीच्या मुशींचे ढीग आजही तिथे आहेत. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनने अशा प्रक्रियेचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये. जस्ताचं ऑक्साइड त्वचेवर लावणंही जुनंच. घरातल्या कॅलामाइन लोशनमध्ये मुख्यतः तेच असतं, आणि त्याचा गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. नवीन आहे ते त्याचं बारीक दळलेलं रूप. चेहऱ्यावर चुना फासल्यासारखं दिसू नये इतके सूक्ष्म कण १९९० च्या दशकात बाजारात आले. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, १९९९ च्या अंतिम यादीत झिंक ऑक्साइडला सनस्क्रीनचा घटक म्हणून जागा दिली.

इथेच एक सूचना. 'मिनरल सनस्क्रीन आरशासारखं ऊन परतवतं आणि केमिकल सनस्क्रीन शोषून घेतं' हे वाक्य तुम्ही शंभर ठिकाणी वाचलं असेल. २०१६ मध्ये छापलेल्या मोजमापांतून दिसलं की झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरण मुख्यतः शोषूनच घेतात. परतवण्याचा वाटा सरासरी चार-पाच टक्क्यांचा असतो. तरीही जुनं वाक्य जाहिरातींत आणि कित्येक लेखांत तसंच फिरतं आहे. एखादं विधान सगळीकडे सापडतं एवढ्यावर ते पडताळलेलं आहे असं धरू नका. सगळे एकाच जुन्या पुस्तकातून उतरवत असतील, हेही शक्य असतं.

आता एसपीएफ. उन्हापासूनचं संरक्षण आकड्यात मांडायची पद्धत जर्मन संशोधक रुडॉल्फ शुल्झे यांनी १९५६ मध्ये सुचवली. ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ ग्रायटर यांनी १९७० च्या दशकात ती 'सन प्रोटेक्शन फॅक्टर' या नावाने रुळवली आणि १९७८ मध्ये अमेरिकी प्रशासनाने तिचा स्वीकार केला. मोजतात काय? त्वचा लाल व्हायला किती किरण लागतात ते. स्वयंसेवकाच्या पाठीवर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावायचं, दिव्याखाली धरायचं आणि क्रीम नसलेल्या जागेच्या तुलनेत लाली किती उशिरा येते ते बघायचं. आता सांगा, लाली कोणाच्या त्वचेवर स्पष्ट दिसते? म्हणून या चाचणीचे स्वयंसेवक फिकट ते मध्यम वर्णाचे घेतात. आयएसओ २४४४४ या मानकातही तशीच अट आहे. आकडा खोटा नाही, पण तो एका ठरावीक त्वचेवर, एका ठरावीक इजेसाठी काढलेला आहे.

पीए हे चिन्ह जपानचं, १९९६ चं. तिथल्या सौंदर्यप्रसाधन उद्योगसंघाने अतिनील 'अ' किरणांसाठी ते आणलं. त्यात लालीऐवजी त्वचा किती काळवंडते आणि तो काळेपणा किती टिकतो ते बघतात. सावळ्या त्वचेची तक्रार बहुतेक वेळा हीच असते, त्यामुळे आपल्या वाचकाला एसपीएफइतकंच पीएकडेही बघावं लागतं.

त्वचेच्या 'प्रकारां'चंही असंच झालं. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेची जी मोजपट्टी केली ती सोरायसिसच्या किरणोपचाराचा डोस ठरवण्यासाठी होती, आणि तिच्यात सुरुवातीला फक्त गोऱ्या त्वचेचे चार प्रकार होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडले गेले. आपल्याकडचा बहुसंख्य समाज या पट्टीवर चौथ्या-पाचव्या खान्यात येतो. त्या खान्यांचा गोळाबेरीज अर्थ असा: 'सहसा भाजत नाही'. हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे गाजर गवतापाशी ते अडचणीत येणार आहेत.

राहिला 'सेन्सिटिव्ह स्किन'. या शब्दामागे कायद्याने ठरवलेली चाचणी नाही. त्याचा भाऊ 'हायपोअ‍ॅलर्जेनिक'. तो शब्द वापरायचा तर चाचणी करून दाखवा, असा नियम अमेरिकी प्रशासनाने १९७५ मध्ये केला. दोन सौंदर्यप्रसाधन कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. तेव्हापासून कंपनी त्या शब्दाचा जो अर्थ धरेल तोच त्याचा अर्थ. म्हणजे चार शब्दांपैकी ग्राहक ज्यावर सर्वांत जास्त विसंबतो, त्याच शब्दाच्या मागे सर्वांत कमी कागद आहेत.

छावणीचं ऊन: ज्याची नोंद भरपूर आहे

आता ट्यूब बाजूला ठेवू आणि नगरला येऊ. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने नगरचा किल्ला घेतला. पुढे इथे लष्करी छावणी वसली. १९०१-०२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणलेले बोअर युद्धकैदी इथे होते आणि पहिल्या महायुद्धात जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिक इथे नजरकैदेत होते. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं सतत युरोपीय शरीरं नगरच्या उन्हात वावरत होती, आणि त्यांच्या तब्येतीची नोंद ठेवणं सरकारला भाग होतं. लष्करी वैद्यकीय अहवाल, पत्रं, तपासण्या असं सगळं मिळतं. भारतातल्या नजरकैद छावण्यांना आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या प्रतिनिधींनी १९१७ मध्ये भेटी दिल्या आणि त्यांचे अहवाल छापले गेले.

या कागदांच्या पार्श्वभूमीला उन्हाविषयीचं एक पक्कं शास्त्र उभं होतं. विषुववृत्ताकडच्या उन्हातले 'अ‍ॅक्टिनिक' किरण कवटीतून आणि पाठीच्या कण्यातून आत शिरतात आणि गोऱ्या माणसाची मज्जासंस्था बिघडवतात, असं त्या काळचे डॉक्टर मानत. अमेरिकी लष्करातले डॉक्टर चार्ल्स वुड्रफ यांनी १९०५ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. उपाय म्हणून टोपी आली, पाठीवर गादीसारखा पॅड आला. फिलिपिन्समध्ये तर किरण अडावेत म्हणून अमेरिकी सैनिकांना नारिंगी-लाल रंगाचे आतले कपडे घालायला दिले. प्रयोगाचा निष्कर्ष १९१० मध्ये छापून आला: फायदा काही नाही, उलट जास्त उकडतं.

साहेबाची ती टोपी 'सोला टोपी'. शोला या पाणवनस्पतीच्या हलक्या गाभ्यापासून ती करत, म्हणून सोला. इंग्रजांच्या कानाला ते 'सोलर' वाटलं आणि तसंच लिहिलं जाऊ लागलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिक त्या टोपीशिवाय उन्हात वावरले, वेगळं काही झालं नाही, आणि टोपी मागे पडली. डेन केनेडी यांनी १९९० च्या एका निबंधात दाखवलं आहे की या भीतीला वैद्यकीय आधारापेक्षा वसाहतीतल्या वेगळेपणाच्या गरजेचा आधार जास्त होता. टोपी घातली की दुरूनही कळायचं, साहेब कोण ते.

माझ्या मते या शास्त्राचा खरा परिणाम त्याच्या दुसऱ्या बाजूला झाला. गोऱ्या शरीराला ऊन बाधतं, तर स्थानिक शरीराला ते बाधत नाही, हे गृहीत धरलं गेलं. एव्हरार्ड होम या इंग्रज शल्यवैद्याने १८२१ मध्येच लिहून ठेवलं होतं की काळा रंग ही त्वचेची उन्हाविरुद्धची ढाल आहे. त्याने एक हात उघडा आणि दुसरा काळ्या कापडाखाली ठेवून स्वतःवर प्रयोगही केला होता. निरीक्षण अगदीच चुकीचं नव्हतं. रंगद्रव्य थोडंफार संरक्षण देतं. पण 'थोडंफार संरक्षण' याचं सरकारी भाषांतर 'चौकशीची गरज नाही' असं झालं. खडी फोडणाऱ्या, नांगर धरणाऱ्या माणसाच्या त्वचेचा वेगळा रकाना कुठे दिसत नाही. १८८४ चं अहमदनगर जिल्ह्याचं गॅझेटिअर (मुंबई इलाखा गॅझेटिअरचा सतरावा खंड) काढून बघा. हवामान आहे, पिकं आहेत, जाती आहेत. उन्हात काम करणाऱ्याच्या कातडीचं काय होतं, हा प्रश्नच त्यात कोणी विचारलेला नाही.

गाजर गवत: सेन्सिटिव्ह त्वचा तयार कशी होते

हा प्रश्न आपल्या भागात कोणी विचारला असेल तर तो एका तणाने विचारायला लावला.

गाजर गवत तुम्ही पाहिलेलं आहे. बांधावर, रेल्वेच्या कडेला, पडीक प्लॉटवर, गाजरासारखी पानं आणि बारीक पांढरी फुलं. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस, लोकांतलं दुसरं नाव काँग्रेस गवत. आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्यात सापडलेल्या या झाडाची 'भारतासाठी नवी नोंद' म्हणून माहिती दिली. नंतरच्या दशकांत ते दख्खनभर आणि पुढे देशभर पसरलं.

त्यामागोमाग दवाखान्यात एक विशिष्ट रुग्ण दिसू लागला. उन्हात काम करणारा शेतकरी, पापण्या सुजलेल्या, मान आणि कोपराच्या घड्या लाल होऊन जाड झालेल्या, सतत खाज. लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांचा १९७४ चा लंडनमध्ये छापलेला निबंध या आजारावरच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या लेखांपैकी एक. वाळलेल्या झाडाचे कण हवेतून त्वचेवर बसतात, त्यातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य अ‍ॅलर्जी निर्माण करतं. काही रुग्णांत पुढे आणखी वाईट होतं: त्वचा उन्हालाच सहन करेनाशी होते. गवतापासून दूर गेलं तरी नुसत्या प्रकाशाने चट्टे उठतात.

आता फिट्झपॅट्रिकचे ते तीन शब्द आठवा, 'सहसा भाजत नाही'. ज्या माणसाची त्वचा पट्टीवर मजबूत खान्यात होती, तीच त्वचा एका तणामुळे आणि रोजच्या शेतीकामामुळे उन्हाला हळवी झाली. ट्यूबवरच्या 'सेन्सिटिव्ह'मध्ये ही गोष्ट कुठेच नाही. तिथे संवेदनशीलता जन्मजात, घरातली, थोडी नाजूकपणाकडे झुकणारी असते. इथली संवेदनशीलता कामातून आलेली आहे.

इथे थोडं थांबून गवताच्या उगमाची गोष्टही तपासू, कारण आराखड्यात अशा गोष्टी सर्रास येतात. गावात कोणालाही विचारा, उत्तर तयार असतं: "अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं, पीएल-४८० मधून." काही जण मिलो ज्वारीचंही नाव घेतात. तारखा लावून बघू. पीएल-४८० खालचा भारताशी पहिला करार झाला २९ ऑगस्ट १९५६ ला. रावांची पुण्यातली नोंद त्याच वर्षीच्या खंडात आहे. करारानंतर गहू यायचा, बी रुजायचं, झाड सापडायचं, ओळखायचं आणि लेख छापायचा, एवढ्याला वेळ पुरत नाही. शिवाय विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कलकत्त्याच्या बागेतल्या झाडांच्या १८१४ च्या यादीत, 'हॉर्टस बेंगालेन्सिस'मध्ये, या झाडाचं नाव आधीच आहे.

मग लोकांची आठवण खोटी? इतक्या घाईने तसं लिहू नका. अमेरिकेचा गहू पीएल-४८० च्या आधीही, १९५१ च्या कर्जातून, भारतात आला होता. बागेत एक झाड असणं आणि शेतं व्यापणारं तण असणं या दोन वेगळ्या घटना आहेत. लोकांना आठवतं ते तणाचं येणं, आणि ते टंचाईच्या, बाहेरच्या धान्यावर जगण्याच्या काळाशी जोडून आठवतं. आठवणीतली तारीख चुकलेली असू शकते, पण त्या काळाविषयी लोकांना काय वाटत होतं हे ती आठवण बरोबर सांगते. तारखेसाठी एक पुरावा वापरा, भावनेसाठी दुसरा. दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नका.

रजिस्टरमध्ये कोण नाही?

आता खरा प्रश्न. गाजर गवताच्या त्वचारोगावरचे भारतातले बहुतेक अभ्यास एक गोष्ट पुन्हापुन्हा नोंदवतात: रुग्णांत प्रौढ पुरुष फार जास्त, बायका आणि मुलं कमी.

वाचून चटकन पटतं. पण नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही शिवारात जाऊन बघा, खुरपणीला कोण बसलेलं असतं? बायका. हाताने तण उपटतं कोण? बायका. मग ज्यांचा हात गवताला रोज लागतो त्यांची नोंद कमी कशी?

उत्तरं तीन संभवतात. एक, जैविक: बायकांच्या शरीराची या द्रव्याला प्रतिक्रियाच वेगळी असेल. दोन, पोशाख: डोक्यावर पदर, त्यावर रुमाल किंवा फडकं, आणि अंगात साडीवर घातलेला पुरुषी फुल शर्ट. म्हणजे हवेतला कण आणि ऊन दोन्ही अडतात, तर पुरुषाची मान, चेहरा आणि दंड उघडे असतात. तीन, दवाखाना: रोज बुडवून, एसटीचं भाडं घालून, कातडीच्या खाजेसाठी तालुक्याला जायची परवानगी घरात कोणाला मिळते? ज्याला मिळते तो रजिस्टरमध्ये येतो. जो येत नाही तो आकड्यात 'निरोगी' ठरतो.

तिन्ही एकाच वेळी थोडीथोडी खरी असू शकतात. पहिल्याचं उत्तर त्वचारोगतज्ज्ञ देतील. दुसऱ्या आणि तिसऱ्याचं उत्तर इतिहासाच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यानेच द्यायचं आहे. छावणीच्या कागदांत स्थानिक त्वचा नव्हती, एसपीएफच्या चाचणीत ती फारशी नाही, आणि जिथे ती अखेर आली त्या दवाखान्याच्या नोंदीतही ती अर्धीच आली असण्याची शक्यता आहे. तिन्ही ठिकाणी नोंद करणाऱ्याचा हेतू वाईट होता असं नव्हे. त्याने समोर आला तो देह मोजला. समोर कोण येऊ शकतं, हे आधीच ठरलेलं होतं.

त्या फुल शर्टाकडे पुन्हा बघा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. फडात उसाचं पाचट हातापायाला कापतं, म्हणून बाई साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवते, बटणं लावते, तोंडाला रुमाल बांधते. उन्हापासूनचा हा बंदोबस्त कुठल्याही प्रयोगशाळेत तपासून आलेला नाही, पण तो रोज वापरला जातो, धुतला जातो, संध्याकाळी उतरतो आणि दोन तासांनी पुन्हा लावावा लागत नाही. सनस्क्रीनचा इतिहास लिहिताना आपण युरोपातल्या क्रीमपासून सुरुवात करतो. नगरचा इतिहास लिहायचा तर या शर्टापासून का करू नये? तो कधीपासून घालायला लागले, आधी काय घालायचे, शर्टावरून हसायचं कोण आणि ते हसणं कधी थांबलं, हे अजून विचारता येतं. ज्यांना १९७२ चा दुष्काळ आणि त्यातली खडी फोडण्याची कामं आठवतात, अशी माणसं अजून बोलायला आहेत. फार वर्षं असणार नाहीत.

मग कोणतं घ्यायचं?

कबूल केल्याप्रमाणे काउंटरवरच्या प्रश्नाकडे. इतिहासाने उत्तर थोडं बदललं आहे, म्हणून आता क्रमाने सांगतो.

आधी त्वचा संवेदनशील कशामुळे आहे ते शोधा. पापण्या, मान, कोपराच्या घड्या इथे खाज असेल आणि उन्हात किंवा शेतात गेल्यावर ती वाढत असेल, तर क्रीम विकत घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. पॅच टेस्ट करून गाजर गवताची अ‍ॅलर्जी तपासता येते. हा आजार औषधाने आणि गवतापासून दूर राहून आटोक्यात ठेवावा लागतो. सनस्क्रीन त्यात मदतनीस आहे, उपचार नव्हे.

घटकांच्या यादीत फिल्टर म्हणून झिंक ऑक्साइड, किंवा त्याबरोबर टायटॅनियम डायऑक्साइड, एवढंच असलेलं सनस्क्रीन संवेदनशील त्वचेला सहसा मानवतं. २०१९ च्या प्रस्तावात अमेरिकी प्रशासनाने उपलब्ध माहितीच्या आधारे सुरक्षित आणि परिणामकारक म्हणून हेच दोन घटक धरले. बाकीच्यांपैकी बहुतेकांबद्दल 'आणखी माहिती हवी' एवढंच म्हटलं, ते घातक आहेत असं म्हटलेलं नाही. हा फरक बातम्यांत हरवतो. समोर 'मिनरल' लिहिलेलं असलं तरी मागची यादी वाचा, मिश्र फिल्टरची उत्पादनंही असतात. भारतात सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनात मोडतं, औषधात नाही, त्यामुळे लेबल वाचण्याचं काम बरंचसं आपल्यावरच येतं.

सुगंध नको. आणि 'नॅचरल', 'हर्बल' या शब्दांपाशी खास सावध राहा. कॅमोमाइल, कॅलेंडुला, अर्निका यांचे अर्क 'त्वचा शांत करणारे' म्हणून घातले जातात. ही सगळी झाडं गाजर गवताच्याच कुळातली आहेत, शेवंती आणि झेंडूही त्याच कुळातले. गाजर गवताची अ‍ॅलर्जी असलेल्याला या कुळातल्या दुसऱ्या झाडांचाही त्रास होऊ शकतो. शेवंती तोडणाऱ्या किंवा हार करणाऱ्या हातांना हे अनुभवाने ठाऊक असतं. म्हणजे 'सेन्सिटिव्ह'साठी म्हणून घातलेला अर्कच इथल्या सेन्सिटिव्ह त्वचेला बाधू शकतो. यादी परदेशात ठरली, गवत इथे उगवलं, मधला दुवा ट्यूबवर कोणी लिहीत नाही.

एसपीएफ ३० किंवा वर, आणि पीए निदान तीन अधिक. ३० मध्ये अतिनील 'ब' किरण सुमारे ९७ टक्के अडतात, ५० मध्ये ९८, तेव्हा आकड्यामागे फार धावू नका. चेहरा-मानेसाठी दोन बोटांवर पट्टी काढून भरेल एवढं क्रीम लागतं, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. चेहऱ्यावर वांग असेल तर रंगीत, म्हणजे टिंटेड, सनस्क्रीन निवडा. सावळ्या त्वचेवर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही डाग गडद होतात, आणि तो अडवायला लोहाची ऑक्साइडं लागतात, नुसतं बारीक जस्त पुरत नाही. पांढरटपणाही टिंटमुळे कमी दिसतो. नवीन ट्यूब आणल्यावर आठवडाभर रोज दोनदा हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा आणि मगच चेहऱ्याला. स्प्रे आणि पावडर टाळा, ते कण छातीत जायला नकोत. त्वचा चिघळलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच लावू नका.

आणि शेतात जाणार असाल तर फुल बाह्यांचा शर्ट आणि रुमाल आधी, क्रीम नंतर.

आराखड्यात हे कसं उतरेल?

आता 'वसाहतकाळ आणि शरीर'ऐवजी तुमच्याकडे विचारता येण्याजोगे प्रश्न आहेत. नगर छावणीच्या वैद्यकीय कागदांत ऊन हे 'कारण' म्हणून कधी येतं आणि कधी नाहीसं होतं? पुणे-नगर भागातल्या दवाखान्यांत गाजर गवताच्या रुग्णांची नोंद कोणत्या नावाने व्हायची, 'खाज', 'इसब' की आणखी काही? ऊसतोडीच्या बायकांच्या अंगावर शर्ट केव्हा आला? प्रत्येकाला काळ आहे, जागा आहे, साधन आहे.

साधनंही हाताशी आहेत. मुंबईचं महाराष्ट्र राज्य अभिलेखागार, नगरचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय, लोणीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा त्वचारोग विभाग, राहुरीच्या कृषी विद्यापीठातलं तणांवरचं साहित्य. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला देशभर गाजर गवत जागृती सप्ताह होतो. त्याची जुनी पत्रकं मिळाली तर सरकारने शेतकऱ्याच्या पिकाची काळजी किती केली आणि त्याच्या कातडीची किती, हे त्यातून मोजता येईल. दवाखान्याच्या नोंदी बघायच्या असतील तर आधी नैतिकता समितीची मंजुरी घ्या आणि रुग्णांची नावं उतरवू नका. मुलाखती घेताना मोबाइल सुरू करण्याआधी परवानगी विचारा, आणि बाईची मुलाखत शक्यतो तिच्या कामाच्या सोबतिणींमध्ये घ्या. घरच्या ओसरीवर उत्तरं नवरा देतो.

पुढच्या बैठकीत तुम्हाला "प्रश्न काय?" असं विचारलं तर एक ओळ तयार ठेवा: "खुरपणी बायका करतात आणि रजिस्टरमध्ये पुरुष आहेत, हे कसं?" एवढ्यावर सर किंवा मॅडम खुर्ची पुढे ओढून बसतील.